इंदूताईचं रोप आणि माझे मडफ्लॅप

"बाई, परत आलात? मागच्या वर्षीचे फ्लॅप कुठं गेले?" जुन्नरच्या करीमभाईंनी गॅरेजच्या पायरीवरूनच विचारलं.

"डोंगरानं खाल्ले," मी म्हटलं.

माझ्या जुन्या फोर-बाय-फोर जीपच्या चाकांमागे लोंबणारे रबरी मडफ्लॅप हे माझं कायमचं दुखणं. डांबरी रस्त्यावर ते हवेतच, नाहीतर मागच्या माणसावर खडे उडतात. पण डोंगरात गाडी मागे घेतली रे घेतली, की तेच चाकाखाली सापडतात आणि पट्टीसकट उपटून येतात. म्हणून या वेळी मी नव्या फ्लॅपना खालच्या कडेला कड्या लावून घेतल्या. कच्चा रस्ता आला की कडीत दोरी ओवायची आणि फ्लॅप वर ओढून बांधायचा.

"मागं कुणी असंल तर सोडा बरं का," करीमभाई म्हणाले. "न्हाईतर लोक शिव्या मला घालतील."

एवढी तयारी इंदूताईसाठी होती. मी घोडेगावच्या वसतिगृहात शिकवायला होते तेव्हा ती तिथं स्वयंपाक करायची. आता आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात भात लावते. परवा तिचा फोन आला तो रडतच. गावच्या म्हशी शिरल्या आणि तिची दाढ (भाताच्या रोपांचा वाफा) चाटूनपुसून खाऊन गेल्या. आज तिच्या शेतावर इर्जिक होती (साऱ्या गावानं मिळून एकाचं काम उरकायचं, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं). आज रोप नसलं तर उद्या गाव दुसऱ्याच्या शेतात जाणार आणि तिचं खाचर यंदा पडीक राहणार. तिच्या माहेरी रोप उरलं होतं. पण दरड कोसळून रस्ता फाटलेला, तिकडे यायला पिकअपवाला एकही तयार होईना.

लेण्याद्रीचा डोंगर ढगात अर्धा बुडाला होता. तो मागे टाकून मी तिच्या माहेरी पोचले. रोपांच्या जुड्या बांधून तयार होत्या. इंदूताईच्या भावानं, भिकादादांनी, त्या मागे रचल्या आणि वहिनींनी मला चुलीपुढे बसवलं. मासवडी (बेसनाची सारण भरलेली वडी) आणि वर झणझणीत रस्सा! नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण मी वाटी पुढेच करत राहिले.

"वहिनी, रोपाचं काही द्यायचं का?" मी विचारलं.

"अगं बया! रोप का इकत असत्यात व्हय?" त्या मलाच रागावल्या.

भिकादादा शेजारी बसले आणि आम्ही घोडेगावला वळसा घालून डिंभे धरणाच्या पाण्याकडेनं वर निघालो. खाचराखाचरांतून माणसं वाकलेली होती. डांबर संपलं तशी मी उतरले आणि पाहते तर माझी नायलॉनची दोरी करीमभाईंच्या पायरीवरच राहिलेली! कपाळावर हात मारून घेतला.

"आवं, मी हाय ना," म्हणत भिकादादांनी खांद्यावरचा वाखाचा कासरा (बैलाला धरायची घायपाताच्या धाग्याची दोरी) उतरवला, एकाच कासऱ्यानं दोन्ही फ्लॅप खेचून वर बांधले आणि वर गाठीवर गाठ मारली.

दरडीच्या जागी चिखल गुडघाभर होता. गाडी तीनदा मागे घ्यावी लागली. दर वेळी माझा जीव मुठीत, पण फ्लॅपना साधा ओरखडा नाही. मी तर आनंदानं हॉर्नच वाजवला.

तो ऐकून वरून इर्जिकीची माणसं धावत आली. पुढे सुट्या खड्यांची चढण होती आणि भरल्या गाडीची चाकं जागीच फिरत होती. माणसं मागून रेटायला लागली. तेवढ्यात "आई गं!" म्हणून एक जण मटकन खाली बसला. चाकानं उडवलेला खडा त्याच्या नडगीवर बसला होता.

"थांबा सगळे! आधी फ्लॅप खाली सोडा," मी ओरडले.

पण गाठ सुटेना. वाख भिजला की आवळतो, हे भिकादादांना ठाऊक होतं, पण बैलाची सवय गाडीला लावताना ते विसरले. मी एकाचा कोयता मागितला.

"कासरा न्हाई कापायचा, बाई!" भिकादादांचा आवाज चढला. "दावणीला बैल उभा हाय माझा. जित्या बैलाचा कासरा तोडू न्हाई."

"आणि माणसाचा डोळा गेला म्हणजे?"

"म्हून बैलाचं वाईट चिंतायचं?"

मी तापले, तेही तापले. इकडे ढग फाकून पडलेल्या उन्हानं रोपांची टोकं मलूल होत चाललेली. तेवढ्यात इंदूताई आली. भावाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे नाही. पदर खोचला, चार जुड्या उचलून डोक्यावर घेतल्या.

"भांडा तुमी निवांत. आमी लावून येतो."

सगळे हसले आणि एकेक जण जुड्या उचलून गाडीच्या पुढे चालू लागला. नडगीवाल्यानंही दोन घेतल्या. मागे कुणीच उरलं नाही. रिकामी झालेली जीप मग एकटी, मुकाट्यानं वर चढली.

दुपारी तांदळाची भाकरी आणि कुरडूची रानभाजी झाली. मीही खाचरात उतरले. माझी ओळ इतकी वाकडी, की बायकांनी हसून हसून मला बांधावर पाठवलं. भिकादादा खुरप्याच्या टोकानं गाठ उकलत बसले होते. फ्लॅप सुटले तसा त्यांनीच चहा पुढे केला.

संध्याकाळपर्यंत खाचर हिरवं झालं. मी निघाले तर इंदूताईनं उरलेल्या दहाबारा जुड्या मागे टाकल्या.

"खालच्या वाडीत सखूबाईला द्या. तिची बी दाढ त्याच म्हशींनी खाल्ली."

"अगं, ठेव की तुला. रोप मेलं कुठं तर लागेल."

"उरलं की ठेवायचं न्हाई," ती म्हणाली.

खालची वाडी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. सकाळी जिच्याकडे रोपाची काडी नव्हती, तिनं संध्याकाळी दुसरीच्या खाचरासाठी रोप धाडलं होतं. वाडीत सखूबाईनं जुड्या हातात घेतल्या.

"कुणी धाडलं, बाई?"

"इंदूताईनं."

"आवं, पर तिची तर सगळी दाढ गेली व्हती ना!"

"होय," मी म्हटलं, "तिनंच."