टिपायचं, घासायचं नाही

तोंड लाल झालं त्याचा मला एक मोठा फायदा झाला. रडावं लागलं नाही.

नवरा गेला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. भाजी मार्केटात मालाच्या गाडीपाशी उभा होता, छातीत कळ आली, तिथेच खाली बसला आणि संपलं. मूलबाळ नाही. नवी मुंबईत, जुईनगरच्या फ्लॅटमध्ये उरलो आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्या साताऱ्याकडे तीच पद्धत आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. गाल लालभडक, डोळ्यांखालची कातडी सोललेली, नाकाच्या कडा चिरलेल्या. बघणाऱ्याला भरून यायचं.

"काय अवस्था करून घेतलीस गं रडून रडून," शेजारच्या वहिनी म्हणायच्या. "इतकं टेन्शन घेऊन कसं चालेल? आता आईंकडे बघायला नको?"

आत्या भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. तिथूनच सांगायच्या, "रातंदिस रडती. खात न्हाई, पीत न्हाई, नुसती रडती."

मी मान खाली घालून ऐकायची. कारण मी रडलेच नव्हते. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग ओठ जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. दाखले आणले, गॅस नावावर करून घेतला, तेराव्याला किती माणूस जेवेल याचा अंदाजही बरोबर दिला. लोक म्हणाले, मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. मला स्वतःची भीती वाटायची, पण त्याहून भीती वाटायची ती आत्यांना हे कळण्याची. आपल्या लेकासाठी घरात कोणीतरी रडतंय, एवढाच त्या बाईला आधार होता. तो माझ्या हातून गेला असता तर मी कुठे तोंड लपवलं असतं?

तोंडाचं म्हणाल तर ते रोज जास्तच बिघडत होतं. येणारी प्रत्येक बाई एक उपाय सांगून जायची आणि मी निमूटपणे तो करायची. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. बेसन-हळद लावली, मुलतानी माती लावली, कोणी सांगितलं म्हणून लिंबू चोळलं. लिंबाने तर आग आग झाली. अर्धा तास बेसिनला धरून उभी राहिले आणि खरं सांगते, बरं वाटलं. निदान काहीतरी जाणवलं.

शेवटी कामावरच्या मैत्रिणीने मला सीवूड्सला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने भिंग धरून गाल पाहिला आणि विचारलं, "तोंड कशाने धुता?"

मला आठवेना. मग आठवलं. "फेसवॉशची काळी ट्यूब आहे. आमचे मिस्टर वापरतात ती."

वापरतात. मैत्रीण खाली बघायला लागली. मी मात्र सरळ सांगत होते, की माझा साबण नेमका त्या आठवड्यात संपला, नवा आणायचं सुचलं नाही, बेसिनवर ट्यूब होती ती घेतली.

"ते पुरुषांच्या तेलकट कातडीसाठी असतं," डॉक्टर म्हणाली. "त्यात रवाळ कण असतात, वास असतो. तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे, तिला हे सोसणारच नाही. लिंबू, बेसन, सगळं बंद." मला वाटलं, आता हजाराच्या बाटल्या लिहून देणार. तिने तोंड धुवायची एक साधी बाटली लिहिली, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारी, ना रंग ना वास. "महागाचं काही लागत नाही. कमीत कमी लावा. कोमट पाणी, हलका हात. आणि पुसताना टॉवेल नको, मऊ सुती कापड घ्या. घासायचं नाही. टिपायचं."

घरी येऊन मी आत्यांना जुनं सुती काही आहे का विचारलं. त्यांनी ट्रंकेतून स्वतःचं विरलेलं लुगडं काढलं आणि एक तुकडा फाडून दिला. काळी ट्यूब टाकायला म्हणून उचलली, पण हात कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला नाही. बाथरूमच्या खिडकीत ठेवून दिली.

नव्या बाटलीतल्या त्या पाण्यासारख्या औषधाला फेस यायचा नाही, वास यायचा नाही, धुतल्यासारखं वाटायचंच नाही. माझ्यासारखंच होतं ते, कशातच नसलेलं. मी लावायची, धुवायची, लुगड्याच्या तुकड्याने टिपायची. पाऊस जोर धरेपर्यंत सोललेली कातडी भरून आली आणि माझं तोंड पुन्हा साधं तोंड झालं.

तिथून पंचाईत सुरू झाली. लिफ्टमध्ये सोसायटीतली एक बाई म्हणाली, "वा, सावरलात हं लवकर." ते 'लवकर' तिने असं काही उच्चारलं, की मला चौथा मजला येईपर्यंत पुरलं. आत्यांनीही लोकांना सांगणं बंद केलं. कोणी आलं की गप्प बसायच्या, मध्येच माझ्या गालाकडे बघायच्या. कळलं यांना, वाटायचं. लेक जाऊन तीन महिनेही झाले नाहीत आणि सून तोंडाची निगा राखतेय, असंच दिसत असणार त्यांना. मला सांगायचं होतं की तसं नाही. पण मग कसं आहे, ते मला कुठे ठाऊक होतं?

आणि मग आत्यांचं तोंड लाल व्हायला लागलं. आधी गाल, मग पापण्या. म्हटलं, ही बाई आता एकटीच रडतेय आणि मी तिला साथही देऊ शकत नाही. मी त्यांच्यासमोर जायचं टाळू लागले. स्वयंपाक करायची, ताट वाढायची आणि कामाला निघून जायची.

एका रविवारी बाथरूमची खिडकी पुसायला घेतली. काळी ट्यूब तिथेच होती, पण कात्रीने मधोमध कापलेली. टूथपेस्ट संपत आली की आत्या ट्यूब कापून आतलं शेवटचं खरवडून घेतात, अगदी तशी. आतून लख्ख पुसलेली होती.

मी ती घेऊन बाहेर आले. "आत्या, हे तुम्ही तोंडाला लावता?"

"लावती."

"अहो, कातडी जळालीय तुमची! काय म्हणून?"

त्यांनी ट्यूब माझ्या हातातून घेऊन नाकाशी धरली. "त्याचा वास येतोय. आन् झोंबतंय. झोंबलं की डोळ्याला पानी येतं." ट्यूब मांडीवर ठेवली. "एरवी येतच न्हाई गं. पोटचा पोर गेला आन् मला रडू येईना. कुनाला सांगू?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"तुझं बी तसंच हुतं," त्या म्हणाल्या. "ठावं हाय मला. एका घरात ऱ्हातो आपन. तुला कुनी नाव ठेवू नये म्हून सांगायची मी, रडती म्हून."

मी त्यांचा हात धरून त्यांना बेसिनपाशी नेलं. कोमट पाणी घेतलं, बाटलीतलं थोडं तळहातावर घेऊन हलक्या हाताने त्यांच्या गालांना लावलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. हनुवटी अगदी त्याच्यासारखी होती. धुतलं, लुगड्याच्या तुकड्याने टिपलं. पुन्हा ओलं झालं. पुन्हा टिपलं, पुन्हा ओलं.

"डोळ्यात गेलं का, आत्या?"

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "हे कुठं झोंबतंय."

मग त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं आणि माझं तोंड टिपायला लागल्या.