चार खणांचं कपाट आणि माझं पॉलिश

कपाटाला पॉलिश करायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हाच आई म्हणाली होती, "राहू दे वं. काहून त्याच्या मागं लागून राहिली?"

झालं, माझं टाळकं सरकलं. आमच्या घरात कशालाही हात लावा, आईचं 'राहू दे' तयारच. जेवणाच्या खोलीतलं ते सागवानी कपाट कोराडीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाचं, कमरेइतकं उंच, एकाखाली एक चार सारखे खण. वॉर्निशचे पिवळट पापुद्रे निघत होते. माझ्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागलेल्या, आणि मास्तरीण रिकामी बसली की घरच्यांचं काही खरं नसतं. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि इतवारीतून पॉलिश पेपर, भेगा बुजवायची लांबी, स्टेनर, लाखेचं पॉलिश सगळं घेऊन आले.

त्या कपाटावर आईचं राज्य होतं. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या सकाळच्या गोळ्या एका खणात, रात्रीच्या दुसऱ्यात, बाकी दोनांत तिचा सुईदोरा आणि किल्ल्या. मी गोळ्यांना हात लावला की म्हणायची, "तुले नाही समजत त्यातलं." बाबा तर देणाऱ्याच्या हाताकडेही न पाहता गोळी तोंडात टाकतात.

खण काढून उलटे केले तर प्रत्येकाच्या खालच्या कडेला चिरा! कुठं एक, कुठं तीन. चांगल्या सागवानाचं वाटोळं.

"आई, हे कोणी कोरलं?"

"उंदरानं कुरतडलं असन."

"उंदीर काय सुरी घेऊन येतो काय वं?"

मी समजले, अडकलेला खण हिनं सुरी घालून उपसला असणार आणि आता कबूल करायला जीभ वळत नाही. भांडले, आणि मग चिरांमध्ये दाबून लांबी भरली. वाळल्यावर पेपरनं अशी घासली, की बोट फिरवलं तर कळू नये. वर गडद कॉफी रंगाचा स्टेनर, त्यावर कापडाच्या बोळ्यानं पॉलिशचे पाच हात. मे महिन्यातलं आमचं ऊन, दुसरा हात देईस्तोवर पहिला वाळे. त्या तीन दिवसांत बाबांच्या गोळ्या मीच दिल्या. आई म्हणाली, "तूच दे, मले तो वास सहन होत नाही." मला तेव्हाही काही कळलं नाही.

चौथ्या दिवशी खण बसवले. सारखेच तर होते, हाताला येईल तो आत सरकवला आणि गोळ्या, सुईदोरा, किल्ल्या जमतील तशा भरल्या. आईला हाताला धरून आणलं आणि म्हटलं, पाहा. तिनं वरच्या फळीवरून हात फिरवला. "झकास झालं वं," म्हणाली. मी फुगून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. आईनं वरचा खण उघडला, गोळी काढली, बाबांच्या तळहातावर ठेवली. माझं सहज लक्ष गेलं. रात्रीची गोळी! झोपेची! बाबांचा हात तोंडाकडे निघालेला. मी गाळणी टाकून धावले, त्यांच्या हातावर फटका मारला, गोळी टेबलाखाली गेली. आणि मी आईवर ओरडले, "डोळे फुटले काय तुझे?"

आई पुन्हा कपाटाकडे वळली. वरच्या खणाच्या खालच्या कडेवरून तिचं बोट फिरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसऱ्या खणाच्या. मग तिसऱ्या. पुन्हा पहिल्या.

"कुठं गेल्या वं माह्या खुणा?" ती म्हणाली.

बाबा माझ्याकडे पाहत होते, मी आईच्या बोटाकडे. एक चीर म्हणजे सकाळ, दोन म्हणजे रात्र. मी तीन दिवस खपून, घाम गाळून, माझ्या आईची वाट बुजवली होती.

दुपारी धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. उजवा डोळा पूर्ण गेलेला, डाव्यात नुसता उजेड-अंधार आणि आकार. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकवता येईल, म्हणाले. मग विचारलं, "दोन वर्षांपासून कमी होत आलं असणार. घरात कोणाला कळलं नाही?" एका छपराखाली दोन वर्षं! मी सकाळ-संध्याकाळ तिच्या हातचं जेवत होते. मान खाली घातली.

ऑटोत बसल्यावर मी रडत रडत विचारलं, "मला सांगितलं काहून नाही तू?"

"तू ओरडली असती ना," आई म्हणाली. रागानं नाही, साधंच.

तेच तर केलं होतं मी सकाळी.

घरी आल्याबरोबर कानस घेतली आणि खण बाहेर काढले. आई शेजारी पाटावर बसली. नव्या पॉलिशवर कानस चालवली तसा आतला पिवळा सागवान उघडा पडला. पहिल्या खणाला एक, दुसऱ्याला दोन. प्रत्येक चीर झाली की तिचं बोट येऊन पाहून जायचं. "अजून खोल कर," म्हणायची, मी करायची. चारही झाल्यावर तिनं सगळ्या खणांवरून पुन्हा एकदा हात फिरवला.

"रंग कोणता दिला वं याले?"

"कॉफी," मी म्हटलं.

"हो काय," आई म्हणाली. "चांगला दिसत असन."