सुजेला पहिलं बक्षीस

"पहिला नंबर, राहुल!" साहेबांनी माईकवर पुकारलं. मी त्या पोराकडं बघितलं आणि पाहुण्यांचा चहा तिथंच टेबलावर आदळला.

नव्वदीच्या आसपासचा बालदिन. भोकरदन तालुक्यातल्या अंगणवाड्यांची मी सुपरवायझर. या दिवशी आमचं ऑफिस सुदृढ बालक स्पर्धा भरवायचं. म्हणजे काट्यावर वजन करायचं, तोंड बघायचं आणि गुटगुटीत लेकराला स्टीलचा डबा द्यायचा. परीक्षणाला डॉक्टर येणार होते, ते नसबंदीच्या कॅम्पला गेले. मग परीक्षक कोण? आमचे प्रकल्प अधिकारी साहेब आणि हार घालून घ्यायला आलेले दोन पुढारी. तिघांनी गाल ओढले, झालं परीक्षण!

राहुल दोन वर्षांचा. गाल फुगलेले, पण केस पिंगट आणि डोळ्यांत जीव नाही. मी त्याच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. ही सूज. पोटाला नीट न मिळालेल्या लेकराच्या अंगात पाणी साठतं. वजन भरतं ते त्या पाण्याचं. असं लेकरू बघता बघता हातचं जातं.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, हे पोर सीरियस आहे. जीप द्या, जालन्याला सिव्हिलला नेते."

"अहो मॅडम, आत्ताच फोटो झालाय. पहिल्या नंबराला सिव्हिलला नेलं तर पेपरवाले काय लिहितील? उद्या बघू. आणि जीप पाहुण्यांना सोडायला लागते."

उद्या बघू म्हणे! जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

राहुलची आई शोभा मंडपाच्या कडेला होती. तिची सासू डबा पदराखाली धरून बसलेली. दवाखान्याचं नाव काढताच म्हातारी कडाडली, "दवाखाना कामून? नंबर आलाय माह्या नातवाचा. दृष्ट लावता का?"

आता हिला काय सांगणार? सरकारनंच टाळ्या वाजवून सांगितलेलं, पोर ठणठणीत आहे.

मी शोभाला विचारलं, "जेवतो का गं?"

"न्हाई बाई. घास तोंडात घिऊन न्हाई राह्यला. निस्ती किरकिर." ती सासूकडं न बघताच उठली. "चला, कुठं यायचं?"

कांद्याच्या टेम्पोत बसून जालना गाठलं. डॉक्टरांनी बघताच ॲडमिट केलं. पोराच्या छातीवर बक्षिसाचा बिल्ला तसाच होता. तो बघून डॉक्टर भडकले, "हा कोणत्या गाढवानं लावला?"

"आमच्या साहेबांनी," मी म्हणाले.

उपचार लागू पडले की अंगातलं पाणी निघून जातं आणि वजन घटतं. उरतं ते खरं लेकरू. आठवडाभरानं मी बघायला गेले, तर राहुलची नुसती हाडं उरलेली. बाप एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून शिफ्ट संपवून आला आणि खाटेजवळच माझ्यावर ओरडला, "गुटगुटीत लेकरू आणल्तं बाई, तुमी त्याचे हाडं काढून ठेवले!"

तेवढ्यात राहुलनं शोभाचा पदर ओढला. "भाकर," तो म्हणाला. शोभा हसता हसता रडायला लागली. बाप भाकर आणायला धावला.

पोर वाचलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं, "पहिल्या नंबराचं वजन घटलंच कसं? वर काय तोंड दाखवू मी?" पोर कसं आहे, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

एवढ्या नोकरीत मी एकच शिकले. लेकरांचं भलं करायचा दिवस आला की आधी साहेबांना रजेवर पाठवावं.