धुरपा मरायची राहिली

रामेश्वर बिडकीनजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. दिवसभर मशीनमधून निघालेले सुटे भाग तपासतो आणि घरी आला की राज्यं वसवतो. चेष्टा नाही करत. हर्सूलच्या त्याच्या दोन खोल्यांत काळदरा नावाचा अख्खा मुलूख आहे. त्यात घाट आहेत, भांडकुदळ राजे आहेत, उलटी वाहणारी नदी आहे. आणि त्या मुलुखावर त्यानं लिहिलेली जाडजूड कादंबरी आहे, जी अजून कुणी छापलेली नाही.

काळदरा मुळात बनला खेळासाठी. दर रविवारी दुपारी आम्ही मित्रमंडळी त्याच्याकडे जमतो. रामेश्वर गोष्ट सांगतो, म्हणून तो मास्तर. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करील ते बोलायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी चोर आहे. सार्थक मांत्रिक आहे, पण त्याचा एक मंत्र लागेल तर शपथ. राक्षस आणि श्वापदांचा फासा मास्तर टाकतो, तोही पुठ्ठ्याच्या आडोशामागं. काय पडलं ते फक्त त्यालाच दिसावं, असा या खेळाचा रिवाजच आहे. आमचा पुठ्ठा मिक्सरच्या खोक्याचा आहे.

त्याची आई सुगंधाबाई. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे दुखायला लागले तशी मेंढरांचं खांड विकून त्या लेकाकडे राहायला आल्या, पण शहरात जीव रमेना. एका रविवारी आमचा आरडाओरडा ऐकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एवढी शिकलेली लेकरं अन् फाशे खेळताव व्हय?"

"ये माय, बस," रामेश्वर म्हणाला. "तू बी एक जण हो."

"मी काय व्हनार? धनगरीण हाय, धनगरीणच व्हईन."

अशी धुरपा जन्माला आली. आम्ही खजिन्यामागं धावायचो आणि धुरपा आपली मेंढरांना पाणी शोधत बसायची. माझी फार चिडचिड व्हायची. पण हळूहळू गोष्टच धुरपाच्या मागून चालायला लागली आणि रामेश्वरच्या कादंबरीतही तीच मुख्य होऊन बसली.

कादंबरीच्या बाबतीत त्याचा एक हट्ट होता. रविवारी खेळात जे घडलं तेच पुस्तकात येणार. आपल्या मनचं एक अक्षरही घालायचं नाही. हट्ट कसला, खूळच ते.

बऱ्याच प्रकाशकांनी ती परत पाठवली. मराठीत असलं कोण वाचतं, म्हणाले. मग पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. त्यांना पुस्तक मनापासून आवडलं होतं, छापायचंही होतं. अट एकच. शेवटी धुरपा मेली पाहिजे. तिच्या मरणाशिवाय शेवटाला वजन येत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. रामेश्वर मात्र म्हणाला, "खेळात मेली तर लिहीन."

सार्थकच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं हे सगळं सुगंधाबाईंच्या कानावर घातलं.

पुढच्या रविवारी आम्ही घाटात अडकलो होतो. समोर विस्तव्या, म्हणजे घोड्याएवढा लांडगा, तोंडातून जाळ काढणारा. शहाण्या माणसानं मागं फिरावं. सार्थकचा मांत्रिक फिरलाही.

सुगंधाबाईंनी पदर खोचला. "धुरपा म्होरं जाती."

"माय, मागं सर. धुरपात जीव उरला नाय. एक झडप बसली का संपली."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी तुझं पुस्तक अडलंय नव्हं? मरू दे म्हातारीला. टाक फासा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचा रागही आला. खेळातली म्हातारी ती! पण सुगंधाबाई मांडीवर हात ठेवून सरळ बसल्या होत्या आणि कुणालाच हसू येत नव्हतं.

पंधराच्या वर पडलं की धुरपा मेली, आणि धुरपा मेली की पुस्तक छापलं जाणार. रामेश्वरला कुणाचीही फसवणूक करायची गरज नव्हती. त्यानं आडोशामागं फासा टाकला. पाहिला. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा पाहिला. मग फासा मुठीत उचलून घेतला.

"हुकला," तो म्हणाला. "लांडग्याची झडप हुकली. धुरपा वाचली."

सार्थकनं टाळ्या पिटल्या. सुगंधाबाई मात्र हिरमुसल्या. "अन् पुस्तकाचं रं?"

"पुस्तकाला कसली घाई हाय, माय."

मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते. आमचा पुठ्ठा त्या बाजूनं जरा मुडपलेला आहे. फाशावर वीस पडले होते. इतकी वर्षं मनचं एक अक्षर न घालणारा हा माणूस आणि हवं होतं तेच फाशानं हातात दिल्यावर खोटं बोलला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. आजवर मी हे कुणाला बोलले नाही, सार्थकला तर नाहीच. पुण्याच्या बाईंना त्यानं त्याच संध्याकाळी नकार कळवला.

खेळ आटोपला तशा सुगंधाबाई गुडघ्यावर हात टेकत चहा ठेवायला उठल्या होत्या. लेकाचा पडलेला चेहरा त्यांनी एकदा पाहिला, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नको, बाबा. पुढल्या रविवारी मरंन मी."