सरदारांचं कुंड

माझी आत्या एकतीस वर्षं एका सरदाराच्या बागेत माळीण होती. सरदार जाऊन दीडशे वर्षं झाली होती, त्यामुळे त्याचा तिला काही त्रास नव्हता. त्रास होता तो त्याच्या नावाने मिरवणाऱ्यांचा.

बाग उपनगराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यासमोर. मध्ये सरदारांची दगडी हवेली, तिच्यात आता बागेचं कार्यालय. हवेलीच्या मागे एक गोल वाफा आणि त्यात आत्याचे चाळीस गुलाब. फूल तळहातात मावायचं नाही. फिरायला आलेल्या बायका विचारायच्या, "बाई, खत कुठलं घालता हो?"

"खानदानी," आत्या म्हणायची. बायकांना वाटायचं, ही चेष्टा करतेय.

मग एक वारसातज्ज्ञ आले. बगलेत नकाशाची गुंडाळी असायची म्हणून कार्यालयातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'नळकांडं' ठेवलं. त्या नकाशात हवेलीमागे एक वर्तुळ होतं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कुंड'. एवढ्यावरून नळकांड्यांनी ठरवून टाकलं, की तिथे कमळांचं तळं होतं आणि सरदारांच्या पत्नी तिथे बसून सूर्यास्त बघत. आता तळं पुन्हा खणायचं.

आत्या म्हणाली, "साहेब, कुंड होतं हे खरं. पण पाण्याचं नव्हतं."

"मग कशाचं?"

"सरदारांना सकाळी उठल्या उठल्या जिथे पळावं लागायचं, त्याचं. विटांची मोरी आहे खाली. हवेलीतलं सगळं अजून तिथूनच जातं. मी नोकरीला लागले त्या वर्षी ती फुटली होती, मी इथेच उभी होते."

नळकांड्यांनी नाक मुरडलं. "बाई, तुम्ही झाडांचं बघा. इतिहासाचं आम्ही बघतो."

"बरं. मग झाडांचं सांगते. ऐन उन्हाळ्यात गुलाब हलवत नाहीत. दोन महिने थांबा."

त्यांनी चार दिवस दिले.

मदतीला आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, आले. निवृत्त बसचालक, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मीही गेलो. मुळांभोवतीच्या मातीचा गोळा न फुटू देता एकेक झाड उकरून काढायचं, ओल्या गोणपाटात बांधायचं आणि अवजारांच्या खोलीमागे सावलीत नेऊन ठेवायचं. काकांनी उभ्या आयुष्यात आडव्या येणाऱ्या रिक्षांना दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्या चार दिवसांत सरदारांना दिल्या. तरी अकरा झाडं गेलीच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आत्या घरी बेसिनपाशी कितीतरी वेळ हात धूत उभी होती. डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाली, "काटा गेलाय." कुठे गेलाय ते सांगितलं नाही.

खणायच्या दिवशी खुर्च्या मांडल्या, माईक लावला, मोठे मोठे साहेब आले. पहिली कुदळ फोटोसाठी नळकांड्यांनी स्वतःच हातात घेतली. तिसऱ्या घावाला पोकळ आवाज आला.

"ऐकलंत? जुनं बांधकाम!" ते आनंदाने ओरडले आणि चौथा घाव घातला.

विटा खचल्या. त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. आणि नेमकी तेव्हाच हवेलीच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी संडासाची साखळी ओढली.

येतंय ते सगळ्यांना ऐकू आलं. पाहुणे हुद्द्याप्रमाणे पळाले, सगळ्यात मोठे साहेब सगळ्यात आधी. माईकवाला माईक टाकून गेला. राहिली एकटी आत्या. तिने हात देऊन नळकांड्यांना बाहेर ओढलं, बाजूला उभं केलं आणि झाडांचा पाइप त्यांच्यावर धरला.

"डोळे मिटा साहेब. तोंडही."

पुढचे आठ दिवस मोरीची दुरुस्ती चालली. तेवढे दिवस कार्यालयातले सगळे रस्ता ओलांडून समोरच्या लॉन्ड्रीतल्या संडासात जायचे. लॉन्ड्रीवाला खट. इस्त्रीला निदान एक शर्ट आणल्याशिवाय आत सोडायचा नाही. एवढ्या कडक कपड्यांत ते कार्यालय कधीच दिसलं नव्हतं.

तळ्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पाऊस सुरू झाल्यावर आत्याने उरलेले एकोणतीस गुलाब वाफ्यात परत लावले. त्याच आठवड्यात नळकांडे आले, बगलेत काही नव्हतं.

"बाई, चुकलं माझं. अकरा झाडं गेली म्हणे."

"अकरा."

"नवी आणून देतो."

"आणा. पण लावायची तुम्ही."

रविवारी ते अकरा रोपं घेऊन आले. आत्या स्टुलावर बसली आणि ते खड्डे खणू लागले. "उथळ झाला, परत." "मुळं दुमडलीत, काढा." दुपारपर्यंत त्यांच्या तळव्यांना फोड आले. शेवटचं रोप वाकडं लागलं. ते सरळ करायला वाकले, तर आत्या म्हणाली, "असू दे, दमलात. चहा घ्या."

ते झाड अजून वाकडंच आहे. त्याला फुलं बाकीच्यांपेक्षा कमी येतात, आणि दर वर्षी मोजून आत्या त्यांना फोनवर आकडा कळवते.