पेढे वाटल्यानंतरचा ताप

समोरच्याचा हिरमोड होऊ नये म्हणून आमच्या वडीगोद्रीच्या मामांनी जेवढे हाल सोसले, तेवढे एखाद्या साधूनंही सोसले नसतील. जावयानं आणलेला बूट बोटं चावायचा, तरी तो झिजेपर्यंत मामांनी घातला. एका लग्नात आचाऱ्यानं बासुंदीत मीठ टाकलं. सगळ्या पंगतीनं वाट्या सरकवल्या, मामांनी मात्र पुन्हा मागून घेतली. "त्याचं तोंड पाह्यलं का? रडकुंडीला आल्ता," एवढंच म्हणाले. अशा माणसाला हसावं की हात जोडावेत, हे मला कधी कळलं नाही.

गावात मोबाइल नुकते आले होते, तेव्हा मामांच्या किडनीत गाठ निघाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून ती आतल्या आत जाळली. ना चिरा, ना टाका. "ताप आला तर लगेच या," असं बजावून घरी सोडलं. मामा गावात उतरले ते पेढे घेऊनच. टपरीवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना वाटले. आमच्याकडे पेढा खाल्ला की दुखणं संपलं.

आणि त्याच आठवड्यात मामा तापले. ऐन वैशाखात ते अंगणात उन्हात बसू लागले. हुडहुडी भरली की आल्यागेल्याला सांगायचे, "ऊन खाऊन राह्यलो. लई बराबर वाटतं." दात वाजू नयेत म्हणून दातांत सुपारी धरायचे. शेवटी पाणी देताना मामांच्या बोटांचा मामींच्या हाताला चटका बसला. त्यांनी लगेच जीप बोलावली आणि मलाही सोबत घेतलं.

किडनीभोवती पू झाला होता. पाठीत नळी घालून तो काढावा लागला. "अजून अंगावर काढलं असतं तर माणूस हाती लागला नसता," डॉक्टर चिडून म्हणाले. "ताप आला हे सांगितलं का नाही?"

मामांनी मान खाली घातली. "साहेब, एवढे लोक मी बरा झालो म्हणून पेढे खाऊन गेल्ते. मंग कोण्या तोंडानं आजारी पडावं?"

मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. मामी हळूच म्हणाल्या, "मला तरी सांगायचं व्हतं."

"तू लई दिवसांनी हसून राह्यल्ती," मामा म्हणाले.

दुपारी घाम सुटून त्यांचा ताप उतरला. मामींनी मात्र त्यांच्या कपाळावरचा हात काढला नाही.