कागद अडकल्याची नोंद

साबणाच्या कारखान्यात तीन नंबरच्या लाइनवर एकवीस वर्षं एकच मुकादम होता. माणूस सरळ. उभ्या नोकरीत त्याने खोटं असं एकच केलं, पण ते रोज केलं.

लाइनच्या एका टोकाला यंत्र साबणाच्या वडीला कागद गुंडाळायचं. मग वड्या पट्ट्यावरून सरकत यायच्या आणि सहा बायका त्या उचलून खोक्यांत भरायच्या. मिनिटाला नव्वद वड्या. पट्टा कोणाच्या बापासाठी थांबत नसे. पण दुपार कलली की बायकांची बोटं आखडायची, मिटलेली मूठ उघडायची नाही. मग जिची आखडली ती खोक्यावर तळहाताने दोन थापा मारायची आणि मुकादम लाल बटण दाबायचा. पाऊण मिनिट, फार तर मिनिट. बाई एकेक बोट ओढून सरळ करायची, पट्टा पुन्हा सुरू व्हायचा, आणि मुकादम काखेतली वही काढून लिहायचा: ‘कागद अडकला.’

“नाजूक हो आपला कागद,” एखादी म्हणायची.

“नाजूक कसला, मेला लाडावलाय,” दुसरी म्हणायची. सगळ्या हसायच्या, मुकादमसुद्धा.

कागद खरोखर अडकायचाही, महिन्यातून दोन-तीनदा. बाकीचं सगळं हाताचं.

पहिली थाप त्याच्या थोरल्या बहिणीची होती. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा आणि ताई चौदाची. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, पुढे तिनेच शब्द टाकून त्याला कारखान्यात चिकटवलं. भाऊ मुकादम झाला, ताई खोकी भरत राहिली. आता तिच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, मिळवणारी ती एकटी. ही तीन वर्षं कशीबशी ढकलायची, एवढंच भावाच्या मनात होतं.

तेवढ्यात वरून हुकूम आला, की लाइन कधी आणि का थांबते हे आता यंत्रच टिपेल. त्यासाठी एक इंजिनिअरबाई आली. पस्तिशीची, बोलायला गोड, कामाला चोख. तिने पट्ट्याच्या शेवटी काडेपेटीएवढा एक सेन्सर बसवला. समोरून वडी गेली की त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा. शेजारी हाताने दाबायचा एक पडदा लावला.

“काका, सांगा बरं, किती सेकंद वडी दिसली नाही तर लाइन बंद समजायची?”

मुकादमाने उत्तर घोकूनच ठेवलं होतं. “दीड मिनिट.”

“आणि अडकलेला कागद काढायला किती लागतात?”

“मिनिटभर.”

“मग दीड मिनिट ठेवलं तर तुमचं सगळ्यात मोठं दुखणं नोंदलंच जाणार नाही!” तिने त्याच्या जुन्या वह्या समोर रचून ठेवल्या होत्या. पानोपानी तेच अक्षर, तेच दोन शब्द. “वीस सेकंद ठेवते. थांबली हे सेन्सर सांगेल, का थांबली ते पडद्यावर तुम्ही दाबायचं. तुमच्या वहीतलीच कारणं घातलीत. कागद अडकला, वीज गेली, खोकी संपली, इतर.” मग तिने विचारलं, “काका, एवढा कागद अडकतो, तर फाटलेला कागद जातो कुठे? कचऱ्याच्या पिंपात काही दिसत नाही.”

तिचा आवाज संशयाचा नव्हता. खरं सांगायला याहून बरी वेळ पुन्हा आली नसती. मुकादमाने पट्ट्याकडे पाहिलं. ताई डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत होती.

“झाडणारा घेऊन जातो,” तो म्हणाला.

पुढचे तीन महिने थाप पडली की तो बटण दाबायचा, पडदा कारण विचारायचा, आणि मुकादमाचं बोट न चुकता पहिल्या चौकोनावर जायचं. वहीपेक्षा हे सोपंच होतं.

तीन महिन्यांनी मॅनेजरने त्याला वरच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर आलेख होता. एक खांब ताडासारखा उभा, बाकीचे त्याच्या पायाशी गवतासारखे.

“एकवीस वर्षं तुम्ही लिहीत होतात, आणि आम्ही वाचलंच नाही,” मॅनेजर म्हणाला आणि चक्क त्याचा हात हातात घेतला. “आता सेन्सरही तेच म्हणतो. नवं यंत्र मागवलंय. त्यात कागद अडकतच नाही. आणि खोकीही तेच भरतं.”

“मग बायका, साहेब?”

“सहाही जणींना पुढच्या महिन्यापासून मोकळं करतोय. रीतसर देणं देऊन.”

मुकादम जिना उतरला, निम्म्यातून परत चढला आणि सगळं सांगून टाकलं. थापा, बोटं, वही, सगळं. मॅनेजरने उठून आधी दार लावलं.

“म्हणजे यंत्र ठीक होतं, आणि लाइन बायका थांबवत होत्या?”

“हात आखडत होते, साहेब.”

“तेच म्हणतोय मी. मग तर त्यांची गरज आणखीच कमी.” तो खाली बसला. “हे इथेच विसरा. बाहेर गेलं तर खोट्या नोंदीबद्दल तुम्हाला काढावं लागेल, आणि त्या जातील हात हलवत.”

संध्याकाळी तो ताईकडे गेला. ती नवऱ्याला चमच्याने पेज भरवत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. ताईने वाटी रिकामी होईपर्यंत मान वर केली नाही.

“तुझ्यासाठीच लिहीत होतो गं.”

“माझ्यासाठी ना? मग एकदा तरी माझं लिहायचंस. ‘बाईचा हात दुखला’, एवढंच. कोणी पट्टा हळू केला असता, कोणी नसता केला. पण तिथे हात होते हे तरी कळलं असतं.” तिने नवऱ्याचं तोंड पुसलं. “एकवीस वर्षं तू कागदाचं दुखणं लिहिलंस. त्यांनी कागदाला औषध आणलं. त्यांचं काय चुकलं?”

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. निघताना तिने नेहमीसारखं “जेवून जा” म्हटलं नाही.

नवं यंत्र आलं. सहा बायका उभ्या राहायच्या तिथे यंत्राभोवतीची पांढरी जाळी लागली. पाचव्याच दिवशी घरघर झाली, पट्टा थांबला, सेन्सरचा दिवा लाल झाला. मुकादमाने झाकण उघडलं, तर आत चुरगळलेल्या कागदाचा बोळा रोलरमध्ये घट्ट बसलेला. खराखुरा. त्याने तो हाताने ओढून काढला.

पडदा कारण विचारत होता. सवयीने त्याचं बोट पहिल्या चौकोनाकडे गेलं. तिथे आता ‘वीज गेली’ होतं. ‘कागद अडकला’ यादीतून काढून टाकलं होतं, कारण नव्या यंत्रात तो अडकत नाही.

सगळ्यात खाली ‘इतर’ होतं. एका हातात तो बोळा धरून मुकादमाने दुसऱ्या हाताने ते दाबलं.